जुनी पेट्रोल पिकअप अधूनमधून रिच चालते? चोर असा पकडा

उरुळी कांचनहून रोपं भरून निघालेली माझी पिकअप कोथरूडला पोचेपर्यंत शहाण्यासारखी चालायची. रोपं उतरवून रिकामी परत निघाली की हडपसर ओलांडल्यावर कुठेतरी तिचं डोकं फिरायचं. आयडलिंग वर-खाली, केबिनमध्ये पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. गॅरेजमध्ये नेली की पुन्हा शहाणी. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग इंजेक्टर साफ करायला काढले. बिल झालं, रोग तसाच राहिला. शेवटी सापडला तेव्हा दुरुस्तीला लागला अर्धा तास आणि एक कपलर, म्हणजे तारा जोडायची प्लास्टिकची खटकी.

हा लेख ज्यांनी आजवर बॉनेट उघडून फक्त पाणी आणि ऑइल बघितलंय त्यांच्यासाठी आहे. आधी एक खुलासा. पुण्यात दिसणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलच्या आहेत. डिझेलचा काळा धूर हा वेगळा विषय, त्याला इथलं काही लावू नका. इथे बोलतोय ते पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या, इंजेक्शन सिस्टिमच्या, दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांबद्दल. कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक अडकलाय का, फ्लोटची सुई गळते का आणि एअर फिल्टर बुजलाय का, एवढं बघून एखाद्या जुन्या मेस्त्रीकडे जा. तो कानाने ऐकून सांगेल.

आधी खात्री करा की गाडी खरंच रिच आहे

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्या मानाने पेट्रोल जास्त पडलं की मिश्रण रिच. ओळखायचं कसं? प्लग काढून बघा. टोकाला कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल, बोटाने पुसली जात असेल, तर रिच. काळं पण तेलकट, चिकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तो वेगळा आजार. धुराचंही तसंच: काळा धूर पेट्रोलचा, निळसर ऑइलचा, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी आत जात असण्याची शंका घ्या.

ॲव्हरेज पडलं एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगच्या गाडीचं मिश्रण त्याने उलट लीन होतं (लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि ॲव्हरेज तरीही थोडं पडतं. म्हणजे ‘नवीन पेट्रोलमुळे गाडी काळा धूर मारते’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

दुसरा फसवा प्रकार मिसिंगचा. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल कधीकधी ठिणगी देत नसेल तर त्यातलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं. वास येतो, माणूस म्हणतो रिच. दोन्हींतला फरक कळायला सगळ्यात स्वस्त यंत्र पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये असतं. पावती घेऊन निघू नका, आकडे वाचा. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असेल तर मिश्रण रिच. सीओ बेताचा आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल भरमसाट असेल तर आधी मिसिंग शोधा. बीएस-फोर पेट्रोल गाडीला आयडलिंगवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा आहे, त्याआधीच्या बीएस-टू, बीएस-थ्रीला सीओ ०.५ आणि एचसी ७५०. गाडी बिघडलेल्या मूडमध्ये असतानाच पीयूसीवाल्याकडे पोचलात तर नशीब. माझी गाडी त्याच्याकडे दोनदा गेली आणि दोन्ही वेळा गुणी बाळासारखी पास झाली.

मग एक वही घ्या

हसू नका. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात ‘काय बिघडलंय’ हा प्रश्न नंतर येतो. ‘कधी बिघडतं’ हे आधी कळायला लागतं, आणि ते गॅरेजवाल्याला कधीच कळणार नाही, कारण गाडी रोज तुम्ही चालवता. डॅशबोर्डवर वही ठेवा आणि दर वेळी लिहा: वेळ, इंजिन थंड की तापलेलं, टाकी किती भरलेली, पेट्रोलवर की सीएनजीवर, लोड किती, रस्ता कसा, पाऊस होता का, गाडी धुऊन किती दिवस झाले.

दोन आठवड्यांत वही बोलायला लागते. टाकी फुल केल्यावर पहिले पाच-दहा किलोमीटर त्रास असेल तर पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा बघा. गरम इंजिन पंधरा मिनिटं बंद ठेवून परत चालू करताना जड जात असेल, चालू झाल्यावर भकाभक धूर येत असेल, तर इंजेक्टर गळतोय. फक्त पहाटे त्रास आणि नंतर ठीक, तर तापमानाशी संबंध आहे.

माझ्या वहीत बाराव्या नोंदीनंतर जे दिसलं त्याने मी चक्रावलो. बाराही नोंदी रिकाम्या गाडीच्या होत्या. भरलेली गाडी जास्त पेट्रोल पिते हे कुणालाही पटेल, पण रिकामी? बायको वही चाळत म्हणाली, “अहो, रिकामी गाडी उडते किती! मागच्या खेपेला माझी कंबर धरली होती.” बरोबर. पिकअपचे पाटे लोडसाठी बनवलेले. सातशे किलो टाकलं की गाडी पाळण्यासारखी जाते, रिकामी असली की प्रत्येक स्पीडब्रेकरला टणाटण उडते. म्हणजे प्रश्न लोडचा नव्हताच, हादऱ्याचा होता. हादऱ्याने बिघडणारी गोष्ट म्हणजे नव्वद टक्के वेळा सैल कपलर, गंजलेली पिन, तुटत आलेली तार किंवा ढिली अर्थिंग.

आता स्कॅनर लावा, पण कोड वाचून थांबू नका

ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल आणि मोबाइलमधलं ॲप एवढं पुरतं. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड सांगायची सोय, आणि डोंगल तिच्या सॉकेटला लागतो. भारतात २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-टू असतं. त्याआधीच्या गाडीला डोंगल बोलेलच असं नाही, मग कंपनीचा स्कॅनर असलेला मेस्त्री गाठावा लागतो.

पी०१७२ हा बिघाडाचा कोड आला तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, स्वतःच म्हणतोय की मिश्रण रिच आहे. पण बिघाड अधूनमधून असेल तर बऱ्याचदा कोडच नसतो आणि इंजिनचा दिवाही लागत नाही. माझ्या गाडीत तेच झालं. अशा वेळी लाइव्ह डेटा उघडा आणि तीन गोष्टी एका पडद्यावर आणा: फ्युएल ट्रिम, कूलंटचं म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचं तापमान, आणि मॅपचा म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकमधला दाब.

ट्रिम म्हणजे ईसीयूने स्वतःहून केलेली काटछाट. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधून सांगतो ‘जास्त झालं’, ईसीयू पेट्रोल कापतो, आकडा उणे होतो. ‘कमी पडलं’ म्हणाला की आकडा अधिक. पाच-सहा टक्के इकडेतिकडे चालतं. दहाच्या पुढे गेलं की कान टवकारा. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

ट्रिम उणे पंधरा-वीस आणि प्लग काळे: ईसीयूला रिच असल्याचं कळतंय, तो कापायचा प्रयत्न करतोय, पण कुठून तरी जास्तीचं पेट्रोल येतंच आहे. आयडलिंगला उणे अठरा आणि अडीच हजार आरपीएमला उणे तीन-चार असेल तर ते जास्तीचं पेट्रोल ठरावीक थेंबाथेंबाने येतंय. इंजिन जोरात ओढायला लागलं की त्या थेंबांचं काही वाटत नाही. सगळ्या आरपीएमला सारखंच उणे असेल तर पेट्रोलचा दाब जास्त आहे किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय.

ट्रिम अधिक वीस आणि तरी प्लग काळे: ईसीयूला कुणीतरी बनवतंय. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जॉइंटला बारीक फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत जातो. मिसिंगमध्येही न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि हाच घोळ होतो.

तिसरी अवस्था कुणी सांगत नाही. गाडी तापलेली आहे, रिचचा त्रास चालू आहे, आणि शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे त्या-त्या क्षणाची काटछाट, शून्यावर गोठलेला. हलतच नाही. याचा अर्थ ईसीयूने ऑक्सिजन सेन्सरकडे बघणंच बंद केलंय. थंड इंजिन चालू करताना तो असंच करतो: ठरलेल्या हिशोबाने जास्त पेट्रोल सोडतो, सेन्सरला विचारत नाही. मग तापलेल्या इंजिनाला थंड कोण म्हणतंय?

कूलंटचा तापमान सेन्सर

थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या वॉल्वच्या) घराजवळ बसलेला अंगठ्याएवढा सेन्सर, दोन तारांचा कपलर. छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली असतं, सीट उचललं की दिसतो. हा तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो: २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. गंमत अशी की कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला आणि त्याने स्वतःचे दोनेक किलोओहम मध्ये घातले, तर उकळत्या इंजिनाचा ईसीयूपर्यंत पोचणारा आकडा थेट २०-२५ अंशांचा होतो. तार पूर्ण तुटली तर स्कॅनरवर उणे ४० दिसतं, कोड पडतो, दिवा लागतो, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही आपोआप फिरायला लागतो. अर्धवट गंजात यातलं काहीच होत नाही. २५ अंश हा आकडा खोटा वाटत नाही ना!

तपासणी अशी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी नुसती किल्ली फिरवा आणि स्कॅनरवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, दोन-तीन अंशांचा फरक ठीक. मग इंजिन सुरू करून आकडा चढताना बघा. तो संथपणे, न अडखळता ८०-९० पर्यंत गेला पाहिजे. ७० च्या आसपासच रेंगाळत असेल, हायवेला आणखी पडत असेल, तर सेन्सर निर्दोष, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. डिसेंबरातल्या पहाटे सोलापूर रोडला हे लगेच लक्षात येतं.

आकडा नीट चढला? आता इंजिन चालू ठेवून, पंखा आणि बेल्टपासून बाही सांभाळत, कपलरची तार बोटांनी हलवा. हलकेच, चारही दिशांना. एकाने तार हलवायची, दुसऱ्याने मोबाइल बघायचा. माझ्याकडे मोबाइल मुलाच्या हातात होता. “अठ्ठ्याऐंशी... अठ्ठ्याऐंशी... बाबा, तेवीस!” तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला, जड झाला, आणि तो ओळखीचा वास आला. कपलर जरा दाबला, परत अठ्ठ्याऐंशी. एवढ्यासाठी मी ऑक्सिजन सेन्सर विकत घेतला होता.

मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद करून कपलर काढा आणि थेट सेन्सरच्या दोन पिनांवर रेझिस्टन्स मोजा. सेन्सर बरोबर आणि स्कॅनरचा आकडा चूक, तर दोष मधल्या वायरिंगमध्ये. आणखी एक चाचणी: नुसती किल्ली चालू ठेवून कपलर काढला की स्कॅनरने उणे ४० दाखवायला हवं, आणि कपलरच्या दोन तारा एका छोट्या तारेने जोडल्या की १२० च्या वर. दोन्ही टोकं मिळाली तर ईसीयू आणि तारा ठीक. पंखा अचानक फिरेल, हात लांब ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका.

मॅप सेन्सर आणि पुण्याची उंची

कूलंट निर्दोष निघाला तर मॅपकडे वळा. इनटेकमधला दाब मोजून हा ईसीयूला इंजिनावर लोड किती ते सांगतो. इंजिन बंद, किल्ली चालू असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल वाचलेला माणूस इथे ९५ बघून सेन्सर बदलायला धावतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे ९४-९५ हाच खरा आकडा. खोपोलीला उतरलात तर १०० च्या जवळ दिसेल. इंजिन चालू झालं की तो तिशी-चाळिशीत यायला हवा. काही गाड्यांत सेन्सरला रबरी नळी असते. ती चिरली किंवा सैल झाली की दाब वाढलेला दिसतो, ईसीयूला वाटतं दिवे घाट चढतोय, आणि उभ्या गाडीत पेट्रोल ओतलं जातं. नळी टोकाला कडक झाली असेल तर अर्धा इंच कापून परत बसवा, काम झालं.

थेंबाथेंबाने येणारं पेट्रोल

आता उरले ते चोर जे ईसीयूला न विचारता पेट्रोल आत सोडतात. इंजिनावर प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग) असलेल्या गाडीत त्याची व्हॅक्यूम नळी काढून हुंगा. आत पेट्रोलचा थेंब किंवा ओल दिसली तर पडदा फाटलाय, रेग्युलेटर बदला, जास्त तपास नको.

पर्ज वॉल्व टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यातून इंजिनाकडे सोडतो. पंपावर ‘कट’ झाल्यावरही राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल दाबून भरायची आपली सवय त्या डब्याला बुडवते. आयडलिंगला वॉल्वची डब्याकडची नळी काढून बोट लावा. वॉल्व बंद असायला हवा तेव्हा बोट ओढलं जात असेल, तर तो उघडा अडकलाय. नळी बंद केल्यावर ट्रिम शून्याकडे सरकला की गुन्हेगार सापडला.

डिपस्टिकही हुंगा. छोट्या छोट्या खेपा मारणाऱ्या रिच गाडीत पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये जातं, ऑइल पातळ होतं, पातळी चक्क वाढते. मग इंजिन तापलं की त्याची वाफ परत इनटेकमध्ये. मूळ दोष काढला तरी गाडी काही दिवस रिचच दाखवते आणि माणूस वेडा होतो.

इंजेक्टर गळतो का हे बघायला रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी, काढावी लागते. ते काम घरी करू नका. लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो, आणि उडालेलं पेट्रोल गरम सायलेन्सरवर पडलं तर वहीत लिहायला कोणी उरणार नाही. एकूणच, हे सगळं उघड्यावर करा. बंद शेडमध्ये रिच इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणं.

सीएनजी किट असेल तर एक दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवा, एक दिवस सीएनजीवर. किटचं ट्यूनिंग बिघडलं असेल तर ईसीयू गॅसवर चुकीचं शिकतो आणि तीच शिकवण पेट्रोलवर वापरतो. पेट्रोलवर बदलल्यावरची पहिली वीस मिनिटंच गाडी रिच, मग ठीक, असं असेल तर किटवाल्याकडे जा, इंजिनाला हात लावू नका.

ऑक्सिजन सेन्सरचा नंबर अगदी शेवटी. चालू अवस्थेत तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत झोके घेतो. ०.९ वर चिकटलाय म्हणून तो खराब, असं नाही. मिश्रण खरंच रिच असेल तर त्याने तेच दाखवायला हवं. खरं सांगणाऱ्याला बदलून काय मिळणार?

दुरुस्ती

गंजलेल्या कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना साफ करा. पॉलिश पेपरने खरवडू नका, मुलामा जातो आणि सहा महिन्यांत परत हिरवं. पिना सैल असतील तर तारांसकट नवीन कपलर नाना पेठेत मिळतो. जुना सोबत न्या, तोंडी वर्णनावर तिथे कुणी काही देत नाही. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा, नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका, आणि तार जवळच्या क्लॅम्पला बांधा म्हणजे झोळणार नाही. बॅटरीपासून बॉडी आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगही त्याच फेरीत सोडवून घासून घट्ट करा. वॉशिंगवाल्याला सांगा, सीटखाली प्रेशरचं पाणी मारायचं नाही. माझ्या कपलरमध्ये गंज तिथूनच आला होता.

मग ऑइल बदला, काळे प्लग साफ करा किंवा बदला, स्कॅनरने ईसीयूची जुनी शिकवण पुसा आणि वहीत तारीख टाका. गाडी रिकामी घेऊन तुमच्या ओळखीच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारा, मोबाइलवर कूलंटचा आकडा उघडा ठेवून, आणि शेजारी कुणाला तरी बसवून. चालवताना तुम्ही तो बघायचा नाही.